सोमवारचा हुंकार

१

सोळा सोमवारांची कहाणी नुसती सांगून भागत नाही, ती कुणीतरी ऐकावी लागते. तिन्हीसांजेला दिवा लावून सांगणारीने पाटावर बसायचं, ऐकणाऱ्याने समोर बसून मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यागणिक "हूं" म्हणायचं. कहाणी संपली की अक्षता देवाला वाहायच्या, मग उपास सोडायचा. हुंकार मध्येच थांबला तर कहाणी पुन्हा पहिल्यापासून. रत्नागिरीच्या खालच्या आळीत सगळ्या बायका असंच करत, आणि सगुणा तर रीतीत तसूभरही इकडचं तिकडे होऊ न देणारी. दिवसभराचा उपास, राजिवड्याच्या विश्वेश्वराला बेल, घरी येऊन चुरम्याचा नैवेद्य, ह्यातलं काहीच तिला जड जात नसे. जड जायचं ते एवढंच, की ऐकायला माणूस कुठून आणायचं.

तसा माणूस घरातच होता. तिचा नवरा काशीराम तारऑफिसात होता. यंत्राची कटकट दिवसभर कानांनी टिपायची आणि तिची अक्षरं करायची, हे त्याचं काम. तसे कान आळीत दुसऱ्या कुणाला नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात त्याने तिची कहाणी ऐकली होती, ते सुख सगुणा आठ वर्षं झाली तरी विसरली नव्हती. खालच्या पट्टीतला, मऊ हुंकार. वाक्य जिथे टेकायचं तिथेच नेमका पडायचा, अंधारात पायरीवर पाय बरोबर पडावा तसा.

"तुमच्यासारखा हुंकार कुण्णी देत नाही हो," ती म्हणाली होती.

"तारेची सवय," तो हसून म्हणाला होता. "एक अक्षर सुटलं तर साहेब पगार कापतो."

मग तीन वर्षांपूर्वी, म्हणजे एकतीस साली, घरात रेडिओची पेटी आली. आली म्हणजे काशीरामानेच ती बांधली. मुंबईहून बोटीने सुटे भाग मागवले, विलायती मासिकातला नकाशा भिंतीला टाचला आणि चार महिने तांब्याच्या तारेची वेटोळी करत बसला. परसातल्या माडापासून घराच्या कौलांपर्यंत एक तार ताणली. दुसरी जमिनीत पुरायची होती. तुळशीपाशी ओल असते म्हणून तो तिथे खणायला निघाला तेव्हा सगुणा आडवी आली. मग ती तार विहिरीच्या पन्हळीखाली गेली.

आळीला वाटलं, आता तारबाबूंकडे गाणं ऐकायला मिळणार. पण त्या पेटीतून बाहेर काही म्हणजे काही येत नसे. जे यायचं ते दोन काळ्या वाट्यांत, आणि त्या वाट्या काशीरामाच्या कानांवर. ऑफिसातून आला की तो ओटीलगतच्या खोलीत शिरायचा, वाट्या चढवायचा आणि चकती केसभर केसभर फिरवत बसायचा. समुद्रापलीकडची कुठली कुठली ठाणी शॉर्टवेव्हवर बोलत, त्यांचं हा ऐके. किती वाजता ऐकलं, किती स्वच्छ ऐकलं, ते वहीत लिही आणि त्या ठाण्याला पत्र घाली. दोनतीन महिन्यांनी तिकडून छापील कार्ड येई, की होय, तुम्ही आमचं ऐकलंत, आम्ही आभारी आहोत. जावाचं, हॉलंडचं, ऑस्ट्रेलियाचं, अशी कार्डं त्याने भिंतीला ओळीने चिकटवली होती.

सगुणेला त्या कार्डांचा हेवा वाटे. "एकदा माझं ऐकलंत ना, तर मीसुद्धा तुम्हाला कार्ड छापून देईन," असं ती एकदा बोलून गेली.

"हूं," काशीराम म्हणाला. पण तो काही हुंकार नव्हे. तो नुसता आवाज.

ह्या श्रावणात तिने सोळा सोमवार धरले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की मुलासाठी. सगुणेने कुणाची समजूत मोडली नाही. संकल्पाचं पाणी सोडताना मात्र तिने मागितलं ते असं: देवा, ह्यांनी पूर्वीसारखं माझं ऐकावं. दुसरं काही नको.

पहिल्या सोमवारी काशीराम एक वाटी कानामागे सरकवून, अर्ध्या कानाने बसला. दुसऱ्या सोमवारी म्हणाला, "आज जरा यमुनाबाईंना सांग ना."

२

तिसऱ्या सोमवारी शेजारच्या यमुनाबाई पावसला लेकीकडे गेल्या होत्या, आणि काशीरामाचा ऑफिसातून निरोप आला, की घाटात दरड कोसळून तार तुटली आहे, यायला नऊ वाजतील.

पाऊस धो धो कोसळत होता. अक्षता सगुणेच्याच मुठीत भिजायला लागल्या. सासूबाई हयात असताना सांगत, माणूस नसेल तर दिव्याला सांगावी, तुळशीला सांगावी, गोठ्यातल्या गाईला सांगावी. गाय नव्हती. तुळस पावसात. राहिला दिवा. ती दिव्यासमोर बसली, पहिलं वाक्य ओठांवर आणलं, आणि तिला एकदम इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. धडधाकट नवरा असताना मी वातीला का सांगायचं?

तिने दिवा उचलला आणि ओटीलगतच्या खोलीत गेली. दिवा जमिनीवर ठेवला. मेजावर पेटी होती, शेजारी वाट्या पालथ्या पडल्या होत्या. पेटीची बॅटरी विजेने भरून आणायला मोटारवाल्यांच्या शेडमध्ये गेली होती, तिच्या जागी तारांची दोन उघडी टोकं लोंबत होती.

"त्यांचे कान तूच घेतलेस ना?" सगुणा पेटीला म्हणाली. "मग आता तूच ऐक."

आणि अक्षता तिने पेटीच्या झाकणावर ठेवल्या.

मग तिने कहाणी सांगितली. घाई करायला समोर कुणी नव्हतं, म्हणून सावकाश सांगितली. तिच्या आजीच्या कहाणीत गुरवाची एक लंगडी शेळी होती. ती दुसऱ्या कुणाच्या कहाणीत नसते, आणि लोकांना कंटाळा येतो म्हणून सगुणा एरवी ती गाळी. आज तिने शेळीसुद्धा सांगितली. वाक्य टेकलं की ती थांबे, हुंकाराएवढी जागा सोडे, मग पुढचं घेई. इतकी चांगली कहाणी आपण जन्मात सांगितली नव्हती, असं तिला वाटलं.

अक्षता उचलताना मात्र तिचा हात क्षणभर थबकला. त्या पावसात घरातली काडेपेटीसुद्धा सर्द झालेली, पण अक्षता कोमट होत्या. कुणीतरी मुठीत धरून बसल्यासारख्या.

दिव्याची ऊब, तिने मनाला सांगितलं. दिवा खाली जमिनीवर होता.

३

चौथ्या सोमवारी यमुनाबाई आल्या. त्यांचं वय साठीचं, तोंड तिखट, आणि अक्षता हातात धरल्या की दहाव्या वाक्याला डोळा लागणार हे ठरलेलं.

"तुझे तारवाले आले नाय गो अजून?"

"आलेत की. खोलीत आहेत."

"मग मला कशास उठवलंस? माझा गुडघा काय तुझ्या बापाचा?"

"तुम्ही बसा हो. तुमच्या हुंकाराने देव पावतो."

"देव पावतो, झोप जाते," म्हणत यमुनाबाई भिंतीला टेकल्या.

सगुणेने सुरुवात केली. कहाणी अर्ध्यावर आली, यमुनाबाईंची मान कलंडली, आणि हुंकार तुटला. आता ह्यांना हलवावं म्हणून सगुणेने हात पुढे केला, तोच पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

"हूं."

तिचा हात तसाच राहिला. खालच्या पट्टीतला, मऊ. तोच. आठ वर्षांपूर्वीचा.

तिच्या मनात आलं, ऐकताहेत! तिथून ऐकताहेत! चौथ्याच सोमवारी देवाने ऐकलं! तिने पुढचं वाक्य घेतलं, जरा मोठ्याने, त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून. ते वाक्य पुरं व्हायच्या आतच, ऐन मध्यावर, पुन्हा "हूं" आला. ती गप्प झाली. तिची गप्प राहिलेली जागा तशीच रिकामी गेली. मग थोड्या वेळाने "हूं". मग पुन्हा थोड्या वेळाने.

सगुणेने मनात मोजलं. मधली जागा प्रत्येक वेळी वाक्याएवढी होती. कहाणीच्या वाक्याएवढी.

तो हुंकार देत होता. तिला नव्हे.

जेवायला वाढताना तिने विचारलं, "कुणाला हुंकार देत होतात?"

"मी? कधी?"

"मघाशी. आत."

"घसा खाकरला असेन."

"आठ वर्षं संसार केलाय तुमच्याशी. खोकला कुठला आणि हुंकार कुठला, एवढं कळतं मला."

काशीराम खरोखरच विचारात पडलेला दिसला. "मला आठवत नाही गं," तो म्हणाला, आणि भाताचं आळं करून कढीची वाट पाहत राहिला.

४

पुढच्या सोमवारी तो खोलीतून बाहेर आला तो हसतच. सगुणा माजघरात सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर बसला. असा आपणहून तो समोर येऊन बसल्याला वर्ष झालं असेल.

"तुला एक गंमत सांगू? शॉर्टवेव्हवर मराठी लागतं."

"आपलं मराठी?"

"आपलंच. एक बाई आहे. सोमवारीच असते, सहा चाळीसला. आणि सांगते काय, तर कहाणी!" त्याचे डोळे लकाकत होते. "कुठल्याही यादीत हे ठाणं नाही. सगळी मासिकं चाळली. पृथ्वीवर मी एकटाच ऐकत असेन. ठाण्याचं नाव कळलं की पहिलं पत्र माझं."

सगुणेची बोटं तांदळात थांबली. "कोण बाई?"

"नाव कुठे सांगते ती."

"तरुण आहे?"

"आवाजावरून कसं सांगू? असेल तुझ्या वयाची."

"आवाज बरा आहे?"

"बरा?" काशीराम कौलांकडे बघायला लागला. "कसं सांगू तुला. कसली घाई नाही. एकेक वाक्य समोर मांडते, आणि मग थांबते. आपल्यासाठीच थांबते असं वाटतं. रागावू नकोस हां, पण तू कहाणी उरकतेस. ती सांगते."

सगुणेच्या हातून सूप पाखडताना अर्धे तांदूळ बाहेर उडाले.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेल्यावर तिने खोली झाडायला काढली. पोथीपुरतं वाचता येत असे, तेवढ्या बळावर तिने वही उघडली. बाकीच्या ठाण्यांपुढे एकेक ओळ होती. सोमवारपुढे पानभर. 'स्त्री. मराठी. आवाज अतिशय गोड. घसा खाकरते तेव्हासुद्धा बरं वाटतं.'

ते वाक्य तिने तीनदा वाचलं. मग वही जागेवर ठेवून पदराने पुसली, आपली बोटं तिला लागली होती म्हणून.

५

"मलाही ऐकवा ना ती," नवव्या सोमवारी सगुणा म्हणाली. म्हटलं तर साधं बोलणं, पण त्यासाठी तिने दिवसभर धीर गोळा केला होता.

काशीरामाने वाट्यांची पट्टी उलगडली, एक आपल्या कानाला, एक तिच्या. दोघांची डोकी जवळ आली. सगुणेला त्याच्या केसांच्या तेलाचा वास आला, आणि एक क्षण तिला वाटलं की काही न लागलं तरी चालेल, असंच बसून राहावं.

आधी नुसतं चरचरलं, तव्यावर मासळी टाकल्यासारखं. मग त्यातून बाई वर आली.

वाईट म्हणायला काही जागाच नव्हती. आवाज खरोखरच गोड होता. थोडा पातळ, थोडा नाकातला, पण निवांत. वाक्य झालं की बाई थांबे. त्या जागेत काशीराम "हूं" म्हणे, आणि म्हटल्याचं त्याला कळतही नसे. सगुणेच्या गालाला गाल लावून तो दुसरीला हुंकार देत होता.

मग बाई म्हणाली, गुरवाची एक लंगडी शेळी होती.

सगुणेच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मन मोठं चलाख असतं. काटा निवायच्या आत त्याने उत्तर काढून दिलं: जनी! चुलत बहीण जनी. त्याच आजीच्या मांडीवर बसून तिनेही हीच कहाणी ऐकली होती, आणि आता ती नवऱ्याबरोबर मोंबाशाला होती. समुद्रापलीकडे. तिथे असतील ठाणी. लहानपणापासून जनीला सगुणेचंच हवं असायचं. सगुणेची चिंध्यांची बाहुली, सगुणेचा भोंडल्यातला पहिला मान. आता नवऱ्याचे कान.

तिने त्याच आठवड्यात भावाकडून जनीला खरमरीत पत्र लिहवलं. पोष्टात टाकून आल्यावर तिला बरंच हलकं वाटलं. निदान जनी होती. जनीवर रागावता येत होतं.

६

अकराव्या सोमवारी कहाणी आटोपल्यावर सगुणा यमुनाबाईंना म्हणाली, "आमच्या जनीचे प्रताप ऐका जरा," आणि त्यांना खोलीत घेऊन गेली. काशीरामाने कौतुकाने एक वाटी काढून दिली. यमुनाबाईंनी ती कानाला लावली, देवळात घंटेखाली मान घालावी तशी.

थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी सगुणेकडे पाहिलं. तिच्या तोंडाकडे.

"जनी कसली गो," त्या म्हणाल्या. "हा तर तुझाच आवाज."

"माझा?"

"तुझाच."

"काहीतरीच! माझा आवाज मला ठाऊक नाही?"

"आपला आवाज आपल्याला ठाऊक नसतो, बाय. आपण आतून ऐकतो. मी आठ वर्षं कुंपणापलीकडून ऐकतेय. हा घसा खाकरलास ना आत्ता, तोसुद्धा तुझा."

सगुणेने घसा खाकरला नव्हता. तिने तळहात तोंडावर दाबून धरला. ओठ मिटलेले होते, जीभ जागेवर होती. यमुनाबाई वाटी कानाशी धरून होत्या, आणि त्यांचे डोळे सांगत होते की वाटीत कहाणी चालूच आहे.

भीती नंतर आली. आधी आलं ते दुसरंच. ती काशीरामाकडे वळली.

"अहो, ऐकलंत? ह्या म्हणतात, आवाज माझा आहे."

त्याने दुसरी वाटी जराशी उचलली. "तुझा? छे गं. तुझा कुठला एवढा..." आणि माणूस सभ्य, म्हणून तिथेच थांबला. वाटी पुन्हा कानावर बसली. "हूं," तो म्हणाला.

यमुनाबाईंनी सगुणेला मागच्या दाराशी नेलं. "मी पावसला होते त्या सोमवारी कुणाला सांगितलीस?"

सगुणेने सांगितलं.

म्हातारीने पदर डोक्यावर ओढला. मग तिखट हसू आणायचा प्रयत्न करत म्हणाली, "कहाणी ज्याने ऐकली त्याने ती पुढे कुणाला तरी सांगायची असते. आपलीच रीत आहे. पेटीने ऐकली, पेटीने सांगितली. तिचं काय चुकलं?"

हसू काही जमलं नाही. नैवेद्याचा चुरमासुद्धा न घेता त्या कुंपणापलीकडे गेल्या, आणि पुढच्या सोमवारपासून त्यांचा गुडघा फारच दुखायला लागला.

७

सगुणा देवभोळी होती, भित्री नव्हती. शेवटच्या सोमवारी आपला नवरा आपल्यासमोर बसेल, एवढं तिने ठरवलं. तेरा सोमवार दिव्याच्या आणि म्हातारीच्या जिवावर झाले होते. आता तीन उरले होते.

चौदाव्या सोमवारी सकाळी माडावर चढणारा धोंडू नारळ पाडायला आला. त्याला तिने कौलांवरची तार काढायला सांगितली.

"बाबूंनी सांगितलंय ना, वहिनी? मागाहून मला शिव्या नको."

"सांगितलंय," सगुणा म्हणाली. व्रतात बोललेलं तिचं पहिलं खोटं. मनातल्या मनात तिने नाक घासलं.

तार खाली आली. तिने तिचं भेंडोळं करून सरपणाखाली दडपलं. संध्याकाळी काशीराम खोलीत शिरला आणि ती दाराआड कानात प्राण आणून उभी राहिली. थोड्या वेळाने त्याचा आनंदलेला आवाज आला.

"सगुणे, आज फार स्वच्छ येतंय गं! चरचर म्हणून नाही!"

पंधराव्या सोमवारी बॅटरी भरायला गेलेली होती. ती आणू नका म्हणून सगुणेने मोटारवाल्यांना परस्पर निरोप धाडला. दाराच्या फटीतून तिला मेज दिसत होतं, तारांची दोन उघडी टोकं दिसत होती, आणि काशीरामाची पाठ. मान जराशी डावीकडे कललेली. पहिल्या श्रावणात तो असाच मान कलती करून तिच्यासमोर बसला होता.

"हूं," तो म्हणाला.

ती आत गेली. "अहो. बॅटरी नाही."

"हूं."

तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला. डोळे आधी तिच्याकडे आले आणि मग, फार सावकाश, त्यांत ओळख आली. त्याने मेजाखाली पाहिलं. हसला. मग ते हसू एकेका बाजूने विझत गेलं.

त्याने वाट्या काढल्या आणि तिच्या ओंजळीत दिल्या.

"ह्या ट्रंकेत टाक," तो म्हणाला. "कुलूप लाव. किल्ली मला देऊ नकोस."

त्या संध्याकाळी तो तिच्याजवळ ओटीवर बसून राहिला. फारसं बोलला नाही, पण बसला. सगुणेने दोनदा देवघरात जाऊन हात जोडले.

८

सोळाव्या सोमवारी त्याने ऑफिसातून अर्धी रजा घेतली. विश्वेश्वराला दोघं जोडीने गेली. परतताना भाट्याच्या खाडीवर ऊन उतरलं होतं, आणि काशीराम म्हणाला, "किती वर्षांनी चाललो गं असे." सगुणेला वाटलं, मागितलं त्याहून जास्तच मिळालं.

तिन्हीसांजेला दिवा लावला. ओटीलगतच्या खोलीला बाहेरून कडी होती. तो तिच्या पाटासमोर बसला, अक्षता मुठीत घेतल्या आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "सांग."

तिने सांगितली. मुळीच उरकली नाही. एकेक वाक्य मांडलं आणि थांबली, आणि प्रत्येक वेळी, वाक्य जिथे टेकलं तिथेच, त्याचा हुंकार पडला. खालच्या पट्टीतला, मऊ. एकही चुकला नाही. लंगडी शेळी आली तेव्हा तो जरासा हसलासुद्धा. सगुणेचं अंग पिसासारखं झालं. शेवटचं वाक्य तिने डोळे मिटून म्हटलं आणि हात जोडले.

"हूं," काशीराम म्हणाला.

"संपली," ती म्हणाली. "अक्षता वाहा."

त्याची मूठ मिटलेलीच होती.

"अहो. झाली कहाणी."

"हूं."

ती थांबली. तिने काहीही म्हटलं नाही. दिव्याची वात फुरफुरली. एक वाक्य जाईल एवढा वेळ गेला.

"हूं," तो म्हणाला.

मान जराशी डावीकडे. डोळे तिच्यावर होते, पण तिच्या चेहऱ्याच्या थोडे मागे कुठेतरी टेकलेले, आणि त्यांत इतकी माया, की तसं त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. वाट्या ट्रंकेत होत्या. ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला होती.

सगुणा पाटावरून उठली, गुडघ्यांवर पुढे सरकली आणि आपला कान त्याच्या कानाला लावला.

चरचर नव्हती. अगदी स्वच्छ होतं. आत दूरवर बाई बोलत होती, निवांत, गोड. कहाणी तिचीही संपली होती. आता ती दुसरंच सांगत होती. अहो, आषाढात विहिरीवर माझा पाय घसरला. कोपर फुटलं. मी कुणाला बोलले नाही. तुम्ही आत बसला होतात, तुम्हाला कशाला उठवायचं. दोन दिवस डाव्या हाताने वाढलं, तुमच्या लक्षात आलं नाही.

"हूं," काशीराम म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

सगुणेचं कोपर. सगुणेची विहीर. तीन वर्षं मनात रांगेने लावून ठेवलेलं सगळं, कधीतरी ते समोर बसतील तेव्हा सांगायचं म्हणून राखलेलं. ते सगळं ही बाई सांगत होती, एकापाठोपाठ एक, आणि तो ऐकत होता.

ती ओरडली नाही. यमुनाबाईंना हाकही मारली नाही. तिच्या पोटात जे पेटलं त्यात भीतीला जागाच उरली नव्हती. तिने काशीरामाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अहो, मी सांगते," ती म्हणाली. "माझं आहे ते, मीच सांगते. आषाढात ना, विहिरीवर माझा पाय घसरला..."

हुंकार आला, पण तिच्या वाक्याच्या मध्यावर. ती बाई पुढे गेली होती. सगुणेने कोपर सोडलं आणि त्याच्या पुढचं घेतलं, दसऱ्याचं, मग त्याच्या पुढचं, जे तिला स्वतःलाही सांगायला लाज वाटे. भराभर सांगत गेली. कुठेतरी गाठायचंच होतं तिला. कुठेतरी आपलं वाक्य टेकायचं आणि त्याचा हुंकार पडायचा, ह्या दोन्ही गोष्टी एका जागी यायलाच हव्या होत्या.

उपास सुटला नव्हता. नैवेद्याच्या ताटावर मुंग्या लागल्या होत्या.

"हूं," काशीराम म्हणाला.

हा आपलाच, असं सगुणेने धरलं, आणि श्वाससुद्धा न घेता पुढचं वाक्य उचललं.